नरक्याचं झाड आणि चरबीचा बुडबुडा



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने औषधांवर बोलावं, हा थोडा आगाऊपणा आहे. पण आज आम्ही औषध कसं घ्यावं ते सांगायला उभे नाही. एका औषधावर एकदा निकाल कसा दिला गेला, तो कसा फिरवला गेला आणि फिरवलेला निकालही पुन्हा तपासावा लागतो की काय, एवढंच सांगायचं आहे. विषय इतिहासाचा आहे. रसायनशास्त्र लागेल तेवढंच घेऊ.

सुरुवात आपल्याच सह्याद्रीतून करू. महाबळेश्वर, कोयना, आंबोली ह्या पट्ट्यात नरक्या नावाचं एक लहानसं झाड आहे. नाव वासावरून पडलं असं सांगतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला पूर्वी जे लॅटिन नाव दिलं होतं, मॅपिया फोएटिडा, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'दुर्गंधी' असाच आहे. गंमत अशी, की ह्याच झाडाला काही ठिकाणी अमृता म्हणतात. नरक आणि अमृत एकाच झाडाच्या वाट्याला आलं. १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करणारे टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन ह्यांनी दाखवून दिलं, की ह्या झाडात कॅम्पटोथेसिन नावाचा पदार्थ चांगल्या प्रमाणात आहे.

आता हे वर्ष लक्षात ठेवा, १९७२. कारण नेमकं त्याच साली, समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हाच पदार्थ औषध म्हणून निकालात काढला. इकडे झाड सापडलं आणि तिकडे औषध संपलं. ते का संपलं, ही आजची पहिली गोष्ट.

थोडं मागे जाऊ. १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या एका सरकारी शेती प्रयोगशाळेत मनरो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ झाडपाल्यात कॉर्टिझोनचा कच्चा माल शोधत होते. म्हणजे कर्करोगाचा इथे संबंध नव्हता. पण हजारेक वनस्पतींचे अर्क कपाटात पडून होते. कर्करोग संस्थेच्या जोनाथन हार्टवेल ह्यांनी ते मागितले आणि तपासले. त्यांत कॅम्पटोथेका नावाच्या चिनी झाडाचा अर्क उंदरांच्या गाठींवर चालला. चिनी लोक ह्या झाडाला शी-शू म्हणतात, म्हणजे आनंदाचं झाड. त्याची काही झाडं कॅलिफोर्नियात चिको गावच्या सरकारी बागेत वाढत होती, म्हणून तो अर्क मिळाला.

वॉल पुढे नॉर्थ कॅरोलायनात गेले. १९६२ मध्ये तिथे त्यांना एक सहकारी मिळाला, मनसुख वाणी. जन्म १९२५, गाव नंदुरबार. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट. १९६६ साली वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी कॅम्पटोथेसिनची रचना प्रसिद्ध केली, आणि १९७१ साली टॅक्सॉलची. कर्करोगाची दोन मोठी वनस्पतिजन्य औषधं एकाच प्रयोगशाळेतून बाहेर पडली, आणि दोन्हींवर नंदुरबारच्या माणसाची सही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव का नसावं, हे आम्हांला कळत नाही. असो.

कॅम्पटोथेसिनची अडचण एकच होती: ते पाण्यात विरघळत नाही. आणि शिरेतून द्यायचं तर विरघळायला हवं. मग रसायनशास्त्रज्ञांनी सोपी वाट काढली. ह्या रेणूला पाच वलयं असतात. पाचवं वलय सोडियमच्या अल्कलीने उघडलं, की रेणू क्षाराच्या रूपात पाण्यात झकास विरघळतो. तसा तो विरघळवून रोग्यांना दिला. परिणाम कमी, त्रास भयंकर. लघवीतून रक्त जाऊ लागलं, पांढऱ्या पेशी घसरल्या. १९७२ साली चाचण्या थांबल्या. निकाल असा, की पदार्थ विषारी आहे.

पुढे जे समजलं ते असं. ह्या रेणूचा सगळा जीव त्या पाचव्या वलयात आहे. वलय मिटलेलं असेल तर रेणू काम करतो, उघडलं की जवळजवळ निकामी. आम्लात वलय मिटलेलं राहतं, अल्कलीत उघडतं. आपलं रक्त किंचित अल्कलीकडे झुकलेलं. म्हणजे रक्तात, जिथून औषध गाठीपर्यंत जायचं, तिथे ते निर्जीव. आणि लघवी बहुधा आम्ल. म्हणजे मूत्राशयात पोचल्यावर तेच वलय परत मिटतं, औषध जिवंत होतं आणि मूत्राशयाचं अस्तर जाळतं. गाठीपाशी झोपलेलं आणि मूत्राशयात जागं झालेलं औषध! निकाल मात्र रेणूवर दिला गेला. पोस्टमनने पत्र चुकीच्या घरी टाकलं आणि दोष पत्र लिहिणाऱ्याला लागला, तसा प्रकार.

इथे आमचा धंदा थोडा उपयोगी पडतो. वैशेषिकांच्या भाषेत गुण हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो. तांबडेपणा फुलात, गोडी साखरेत. आपल्या मनात विषारीपणाचंही तसंच चित्र असतं, की तो रेणूत बसलेला असतो. पण कॅम्पटोथेसिनचा विषारीपणा कुठे बसला होता? रेणूत? सोडियमच्या क्षारात? मूत्राशयाच्या आम्लात? तो ह्या सगळ्यांच्या संबंधात होता. संबंध बदलला तर 'गुण' बदलेल. औषधशास्त्राला हे कळायला बारा-पंधरा वर्षं लागली. तत्त्वज्ञानाला किती लागतात ते विचारू नका.

१९८५ साली बाल्टिमोरला लेरॉय लिऊ ह्यांच्या गटाने दाखवलं, की हा रेणू नेमकं काय करतो. पेशी दुभंगताना डीएनएचा गोफ उलगडावा लागतो. सुताला पीळ चढला की आपण एक टोक सोडून पीळ काढतो, तसं पेशीतलं एक विकर गोफाचा एक पदर कापतं, पीळ सैल करतं आणि पदर परत जोडतं. कॅम्पटोथेसिन कापण्याच्या आणि जोडण्याच्या मध्ये जाऊन अडकतं. पदर तुटलेला राहतो, आणि भराभर दुभंगणारी पेशी मरते. असं काम करणारा पदार्थ तोवर माहीत नव्हता. त्याबरोबर टाकून दिलेलं औषध परत टेबलावर आलं. जपानच्या याकुल्ट कंपनीने, हो, तीच आंबवलेल्या दुधाच्या बाटल्यांची, वलय न उघडता रेणूला विरघळणारं शेपूट जोडून इरिनोटेकान तयार केलं. ते जपानात १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली मान्य झालं. आज आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते सर्रास वापरतात. ते शरीरात गेल्यावर बदलून जास्त जहाल होतं, आणि त्याच्या जुलाबांनी रोगी हैराण होतो, हे ज्यांच्या घरात हे सलाईन लागलं आहे त्यांना सांगायला नको. पण वलयाचा प्रश्न राहिलाच. विरघळलं म्हणून रक्तात वलय उघडायचं थांबत नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे. ही चालू असताना, तिच्याशी काही संबंध नसताना, इंग्लंडमध्ये एक माणूस अंड्याच्या बलकातल्या स्निग्ध पदार्थाकडे पाहत होता.

अ‍ॅलेक बँगहम केंब्रिजजवळ बॅब्राहमच्या संस्थेत होते. मूळचे रक्ताचे अभ्यासक. १९६१ च्या सुमारास त्यांनी आणि हॉर्न ह्यांनी लेसिथिन पाण्यात मिसळून नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. लेसिथिन म्हणजे फॉस्फोलिपिड. लेकिथॉस हा ग्रीक शब्दच अंड्यातल्या बलकाचा. ह्या रेणूचं डोकं पाण्यावर प्रेम करणारं आणि दोन शेपट्या पाण्याला भिणाऱ्या. पाण्यात सोडले की हे रेणू आपोआप दोन रांगांत उभे राहतात, शेपट्या शेपट्यांकडे आणि डोकी पाण्याकडे, आणि त्या रांगा वळून बंद बुडबुडे होतात. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये चरबीचा पडदा. कोणी शिवत नाही, कोणी डकवत नाही. बँगहम ह्यांना ह्यात पेशीचं आवरण दिसलं. त्यांचा प्रश्न औषधाचा नव्हताच. सजीवाचं आवरण कसं बनतं, हा होता. १९६४-६५ मध्ये त्यांचे लेख आले, आणि ह्या बुडबुड्यांना पुढे लायपोसोम असं नाव पडलं.

बुडबुड्याच्या पोटात औषध भरून पाठवावं, ही कल्पना ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आदींनी १९७० च्या दशकात पुढे आणली. कल्पना सुंदर, पण शरीर तिला दाद देईना. यकृत आणि प्लीहा ह्यांतल्या झाडूवाल्या पेशी असे बुडबुडे काही मिनिटांत गिळून टाकत. वीसेक वर्षं ह्यात गेली. मग बुडबुड्याच्या अंगावर पॉलीएथिलीन ग्लायकॉलचं केसाळ पांघरूण घालायची युक्ती सापडली. त्याने तो काही काळ नजरेआड राहतो. १९९५ साली डॉक्सिल ह्या नावाने अशा पांघरुणातलं पहिलं कर्करोगाचं औषध अमेरिकेत मान्य झालं. ते औषध जिवाणूजन्य, वनस्पतिजन्य नव्हे. पण दार त्याने उघडलं.

आता दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बुडबुड्याच्या आत आपण हवं ते पाणी ठेवू शकतो. आम्लसुद्धा! म्हणजे कॅम्पटोथेसिनच्या वंशजाला रक्तातून नेताना त्याच्याभोवती आम्लाचं एक खाजगी तळं ठेवता येतं, आणि वलय मिटलेलं राहतं. इरिनोटेकानसाठी हेच केलं गेलं. बुडबुड्याच्या पोटात साखरेच्याच रेणूला आठ सल्फेट जोडून केलेला एक क्षार ठेवतात. इरिनोटेकान चरबीच्या पडद्यातून आत शिरतं, त्या क्षाराला चिकटून घट्ट गोळा होतं, आणि बाहेर येण्याची वाट बंद. सुमारे ११० नॅनोमीटरच्या एका बुडबुड्यात ऐंशी हजारांच्या आसपास रेणू. केसाच्या जाडीत असे शेकडो बुडबुडे ओळीने बसतील. पडद्याला घट्टपणा यावा म्हणून त्यात कोलेस्टेरॉल घालतात. तेव्हा कोलेस्टेरॉलला शिव्या घालताना थोडं जपून!

मघाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "हे तर आमच्या आयुर्वेदातलं अनुपान." हो, अनुपानाची कल्पना आपल्याकडे आहे. औषध कशाबरोबर द्यावं ह्याने त्याचा परिणाम बदलतो, असं आपले वैद्य मानत आले. मधाला योगवाही म्हणतात, तो ज्याच्याबरोबर जाईल त्याचा गुण वाहून नेतो. औषध आणि वाहन हे दोन वेगळे विचार आहेत, ही जाण त्यात नक्की आहे. पण तिथून 'आपल्याकडे नॅनो तंत्र होतं' इथे उडी मारणं म्हणजे पूर्वजांचा गौरव नव्हे, त्यांचं न वाचणं आहे.

हे इरिनोटेकान २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मान्य झालं, स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. वाणी तेव्हा नव्वदीत होते. ते २०२० साली गेले.

इथे गोष्ट संपवली असती तर टाळ्यांची झाली असती. पण मघाशी म्हटलं तसं, फिरवलेला निकालही तपासायचा आहे. आणि हा भाग ज्याच्या घरात रोगी आहे त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली, तिच्यात आधीचं एक औषध घेऊन झालेले ४१७ रोगी होते. नेहमीच्या फ्लुरोयुरॅसिल औषधाच्या जोडीला बुडबुड्यातलं इरिनोटेकान दिलं, त्या गटाचं मध्यम आयुर्मान ६.१ महिने. फक्त फ्लुरोयुरॅसिल दिलं, त्यांचं ४.२ महिने. फरक जवळजवळ दोन महिन्यांचा. हे दोन महिने कमी आहेत असं आम्ही म्हणणार नाही. मुलगी परदेशातून यायची असेल तर दोन महिने पुष्कळ असतात. पण प्रश्न विचारायचा तो असा: ही तुलना कोणाशी होती? बुडबुड्यातल्या इरिनोटेकानची तुलना साध्या इरिनोटेकानशी नव्हती. इरिनोटेकान नसण्याशी होती. म्हणजे मिळालेला फायदा औषधाचा की वाहनाचा, हे ही चाचणी सांगूच शकत नाही.

पुढची मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी काही औषध न घेतलेले रोगी. चार औषधांच्या मिश्रणात हे बुडबुड्यातलं इरिनोटेकान होतं, आणि मध्यम आयुर्मान ११.१ महिने आलं. तुलनेच्या गटात ९.२. त्यावर २०२४ साली नवी मान्यता मिळाली. आता हे ऐका. २०११ साली फ्रान्समधून एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. जवळपास तसंच चार औषधांचं मिश्रण, त्यात साधं, विनाबुडबुड्याचं इरिनोटेकान. तिथे आलेला आकडा? ११.१ महिने. तोच. दोन वेगळ्या काळांतल्या, वेगळ्या रोग्यांवरच्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये, हे खरं. आम्हीही काढत नाही. पण मग समोरासमोर तुलना करायला हवी होती, आणि ती ह्या चाचणीत नव्हती. फुप्फुसाच्या एका कर्करोगात कॅम्पटोथेसिनच्याच वंशातल्या टोपोटेकान ह्या साध्या औषधाशी मात्र समोरासमोर तुलना झाली. बुडबुड्याच्या गटात गाठी लहान होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास भरलं. आयुष्य वाढलं नाही.

असं का व्हावं? बुडबुड्यांच्या बाजूने जो मोठा तर्क आहे तो जपानमधल्या कुमामोटोच्या हिरोशी माएदा आणि मात्सुमुरा ह्यांनी १९८६ साली मांडला. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, म्हणून फटी असलेल्या. बुडबुडे निरोगी भागात बाहेर पडत नाहीत, पण गाठीत झिरपतात आणि तिथेच साठतात. उंदरांत हे छान दिसतं. माणसात मात्र हे गाठीगाठीला बदलतं, आणि स्वादुपिंडाची गाठ तर दाट तंतूंनी गच्च भरलेली असते. शिवाय उंदरांतही फार साठतं असं नाही. दहा वर्षांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ साली एकत्र हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यम प्रमाण ०.७ टक्के निघालं. शंभरातला एकसुद्धा नाही.

नैयायिकांचं एक उदाहरण वर्गात आम्ही दरवर्षी देत असू. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक, कारण मध्ये एक अट लपलेली असते: लाकूड ओलं हवं. ह्या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. उंदराच्या पाठीवर टोचून दोन आठवड्यांत वाढवलेली गाठ, हे ते ओलं लाकूड आहे. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते. आणि कॅम्पटोथेसिनच्या बाबतीत हे आधी एकदा घडून गेलं होतं! माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या वलयाच्या रेणूला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे वलय परत मिटायला वावच राहत नाही. उंदराचं अल्ब्युमिन त्या मानाने सौम्य. म्हणून उंदरात जे औषध उत्तम चाललं ते माणसात पडलं. एकाच रेणूने एकच धडा दोनदा शिकवला.

टॅक्सॉलचा उल्लेख राहिला, थोडक्यात सांगतो. तेही पाण्यात विरघळत नाही. ते एरंडेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या द्रवात आणि अल्कोहोलमध्ये मिसळून देत. त्या द्रवानेच काही रोग्यांना इतकी तीव्र अ‍ॅलर्जी होई, की चाचण्या बंद पडायची वेळ आली होती. आजही ते देण्याआधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतात, ते मुख्यतः वाहनाच्या भीतीने. तिथे वाहन बदलण्याचा फायदा सरळ दिसतो. आणि आपल्या अंगणातली सदाफुली, मूळची मादागास्करची. तिच्यातलं व्हिनक्रिस्टिन बुडबुड्यात भरून २०१२ साली अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगासाठी घाईच्या मान्यतेने आलं, आणि २०२२ साली मागे घेतलं गेलं. साधं व्हिनक्रिस्टिन, साठ वर्षांपूर्वीचं, अजून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात रोज वापरलं जातं.

तेव्हा १९७२ चा निकाल चुकला, कारण वाहनाचा दोष औषधावर टाकला. आजचा धोका उलटा आहे. औषधाचं श्रेय वाहनाला दिलं जातं, आणि पैसे त्या श्रेयाचे मोजले जातात. जुनं इरिनोटेकान अनेक कंपन्या बनवतात. बुडबुड्यातलं त्याच्या कितीतरी पट महाग पडतं. डॉक्टरांशी बोलताना 'हे नॅनो आहे का' असं विचारण्याऐवजी 'हे साध्याशी ताडून पाहिलं आहे का' असं विचारा. ह्या प्रश्नाला पदवी लागत नाही, आणि चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

वेळ संपत आली आहे. एक चिठ्ठी आली आहे, तेवढं उत्तर देतो. विचारलं आहे, की नरक्याची साल मिळते, तिचा काढा कर्करोगावर चालेल का.

नाही. कृपा करून करू नका. सालीत कॅम्पटोथेसिन किती आहे हे झाडागणिक बदलतं, आणि काढ्यातून पोटात किती जाईल ह्याचा कसलाच हिशेब नाही. शुद्ध पदार्थ मोजून, इस्पितळात, शिरेतून दिला, तेव्हा १९७२ पूर्वी त्या रोग्यांच्या मूत्राशयांचं काय झालं ते मघाशी सांगितलं. आणि दुसरं कारण झाडाचं. ह्या औषधाच्या मागणीपायी सह्याद्रीत नरक्याची तोड अशी झाली, की वर्तमानपत्रांत चंदनासारख्या त्याच्या तस्करीच्या बातम्या येऊ लागल्या. पदार्थ खोडात आणि मुळांत असतो, म्हणून झाड नुसतं सोलत नाहीत, उपटतात. कुठल्या डोंगरावर दिसलं तर पान चुरगळून वास घेऊन बघा, आणि तिथेच राहू द्या.